दिवसातून २ वेळा की दर ८ तासांनी?

औषधांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करते मी, १४ वर्षं झाली. आधी शब्दावर पैसे मिळायचे. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हळूहळू कोऱ्या फायली यायच्याच बंद झाल्या, आता मशीनने केलेलं भाषांतर येतं, आपण म्हणे 'नुसती नजर फिरवायची' आणि जेवढे शब्द बदलले तेवढ्याचेच पैसे.

त्या दिवशी लहान मुलांच्या सिरपचं पत्रक आलं. भाषांतर चांगलं होतं हो, एकदोन वाक्यं तर मला सुचली नसती इतकी, जरा जळलेच मी. भराभर खाली जात होते आणि डोसच्या तक्त्यापाशी अडले. वर लिहिलेलं 'दिवसातून २ वेळा' आणि तक्त्यात 'दर ८ तासांनी'. म्हणजे ३ वेळा झालं ना? मूळ इंग्रजी उघडलं तर घोळ तिथलाच, मशीनने दोन्ही वाक्यं इमानेइतबारे मराठीत आणलेली.

कोऑर्डिनेटरला फोन केला तर ती म्हणे, "अगं मूळ फाइल कशाला बघत बसलीस, आज डिलिव्हरी आहे." म्हटलं कंपनीला लेखी विचार, तोवर मी सही करत नाही. दोन तासांनी उत्तर आलं, तक्ता दुसऱ्याच औषधाच्या पत्रकातून कॉपी झाला होता.

नंतर गंमत म्हणून तीच फाइल चॅटबॉटला दिली आणि विचारलं यात काही विसंगती आहे का, तर पठ्ठ्याने लगेच दाखवली! म्हणजे त्याला जमत नाही असं नाहीये, त्याला ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं आणि सही तर तो करणारच नव्हता.

आणि बिल? त्या घोळाचे शून्य, कारण मी भाषांतरातला एकही शब्द बदलला नव्हता. तेव्हा डोकंच फिरलं. अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून करारात घालून घेतलं होतं की हातात दिलेला मजकूर एआयचा असेल तर तसं सांगावं लागेल, ते आठवलं आणि तीच अट मीही मेलमध्ये टाकली, वर पैसे तासावर आणि शंकांची यादी वेगळी जोडणार, तिचा वेळही बिलात.

आठवडाभर काही उत्तर नाही, वाटलं गेलं काम. मग मान्य झालं, पण फक्त औषधांच्या फायलींना. जाहिरातींच्या अजून शब्दावरच येतात, त्या मी हल्ली घेत नाही.