पॉवर ड्रॉबार: सकाळचा पहिला होल्डर आता सुटतो

मंडळी, काम झालं. माझ्या सीएनसी मिलिंग मशीनवर मी पॉवर ड्रॉबार बसवलाय: टूलचा होल्डर स्प्रिंगच्या जोरावर स्पिंडलमध्ये (फिरत्या दांड्यात) वर ओढून धरणारा दांडा म्हणजे ड्रॉबार, आणि हवेच्या सिलेंडरनं तो खाली दाबला की होल्डर सुटतो. रात्रभर स्पिंडलमध्ये बसून राहिलेला फेस मिलचा होल्डर आज सकाळी पहिल्याच दाबाला सुटला. रेग्युलेटरवर 6 बार, फूटस्विचवर पाय, ठक्क असा एकच आवाज आणि बीटी-30 मापाचा होल्डर हातात!

मागच्या नोंदीत मी इथंच अडकलो होतो. दिवसभर टूल फटाफट बदलायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलाच होल्डर टेपरमध्ये (स्पिंडलच्या निमुळत्या भोकात) असा घट्ट बसलेला असायचा की रबरी हातोडीशिवाय हलायचा नाही. नव्या बेअरिंगच्या स्पिंडलवर हातोडी मारायची म्हणजे जीव खालीवर होतो. त्यात दर वेळी तोच एक होल्डर जास्त त्रास द्यायचा, बाकीचे कधी सुटायचे, कधी नाही.

पहिला संशय हवेवर घेतला. सकाळी कॉम्प्रेसर थंड, टाकी अर्धवट भरलेली, असं वाटणं साहजिक आहे. सिलेंडरच्या तोंडाशीच गेज लावला. होल्डर अडकलेला असतानाही काटा 6 वर ठाम. 6 मिमीची नळी काढून 8 ची टाकली, त्यानं ड्रॉबार जरा लवकर खाली यायला लागला, एवढाच फरक. नळी बारीक असली की हवा भरायला वेळ लागतो. भरल्यावर दाब तेवढाच असतो. तरी 8 ची नळी ठेवली आहे, वेग हवाच आहे.

मग टेपर. निळी (कुठं टेकतंय ते दाखवणारा रंग) लावून प्रत्येक होल्डर बसवून बघितला. मोठ्या व्यासाकडे छान पूर्ण पट्टा उठत होता, टेपरमध्ये खोट नव्हती.

उष्णतेचा भाग मात्र खरा निघाला. बीटी-30 चा गेज व्यास (टेपरच्या मोठ्या तोंडाचा) 31.75 मिमी, टेपर 7/24, म्हणजे 24 मिमी लांबीत व्यास 7 मिमीनं कमी होतो. तासभर 5000 आरपीएमवर चाललेलं स्पिंडल गार होल्डरपेक्षा 20 अंशांनी गरम आहे असं धरा. त्याचा व्यास साधारण 7 मायक्रॉननं वाढतो. टेपरच्या हिशोबानं 7 मायक्रॉन व्यास म्हणजे 24 मायक्रॉन खोली, तेवढा होल्डर जास्त आत ओढला जातो. रात्री स्पिंडल गार होऊन आवळतं आणि होल्डरला धरून बसतं. मोठ्या व्हीएमसीवर (कारखान्यातल्या उभ्या सीएनसी मशीनवर) काम करणारे संध्याकाळी टूल काढून ठेवतात ते याचसाठी. पण मोठ्या मशीनवर एखाद्यानं विसरून ठेवलं तरी सकाळी ते सुटतंच. माझं का सुटत नव्हतं, हा प्रश्न तसाच राहिला.

आता जोराचा हिशोब. माझा सिलेंडर 80 मिमी बोअरचा, दोन पिस्टनचा, रॉड 20 चा. वरच्या पिस्टनचं पूर्ण क्षेत्रफळ आणि खालच्याचं रॉड वजा जाता, मिळून साधारण 9740 चौरस मिमी. 6 बारला 5.8 किलोन्यूटन. ड्रॉबारला वर ओढणाऱ्या डिस्क स्प्रिंगची ताकद मोजायला वेगळा लोडसेल (जोर मोजायचं साधन) लागत नाही, हे या कामात सापडलं आणि मला फार आवडलं. रेग्युलेटर शून्यापासून हळूहळू उघडायचा आणि ड्रॉबारवर डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावायचा. काटा हलायला लागला 3.1 बारला, म्हणजे होल्डर धरून ठेवणारा जोर 3 किलोन्यूटन. ड्रॉबार पुल स्टडच्या (होल्डरच्या माथ्यावरचा बोल्ट, ड्रॉबारचे ग्रिपर त्यालाच पकडतात) डोक्याला टेकला 4.6 बारला, म्हणजे तिथं स्प्रिंगच 4.5 किलोन्यूटननं उलट ढकलताहेत. 5.8 मधून 4.5 गेले, होल्डर ढकलायला उरले 1.3. कागदावर हे भरपूर आहे.

मी तर तिसरा पिस्टन करायला घेतला होता. ॲल्युमिनियमचा गोळा लेथवर चढला होता. त्याच दिवशी गल्लीतले काका आले. किर्लोस्करवाडीच्या टूल रूममध्ये त्यांची उभी नोकरी झाली. मी त्यांना अडकलेला होल्डर दाखवला, हवा सोडली, बंद केली, परत सोडली. ते होल्डरकडे बघतच नव्हते. सिलेंडर ज्या प्लेटवर बसलाय तिच्यावर त्यांनी पंजा टेकवला.

"परत सोड." मी सोडली. "आता तुझा हात ठेव हितं. उचलतंय की हे."

"काका, 12 मिमीची प्लेट आहे."

"असू दे की. डायल लाव."

मॅग्नेटिक स्टँड कॉलमला, डायलचं टोक वरच्या प्लेटवर, आणि हवा सोडली. अर्धा मिलिमीटर! काटा पन्नास रेघा चढून थांबला आणि हवा काढली की शून्यावर परत. मितुतोयोचा डायल आहे, त्याच्यावर माझा विश्वास आहे, तरी स्टँड बदलून पुन्हा बघितलं. तोच आकडा.

सगळा उलगडा इथंच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. सिलेंडर धरणारा ब्रॅकेट किटसोबत आलेला: वर-खाली 12 मिमीच्या, 80 रुंदीच्या प्लेट, मध्ये चार खांब, खांबांमधलं अंतर 180. मध्यभागी 5 किलोन्यूटनचा भार धरला तर एक प्लेट पाव मिलिमीटर वाकते. दोन प्लेट, अर्धा मिलिमीटर. डायल आणि सूत्र दोन्ही एकच बोलत होते.

अर्धा मिलिमीटर वाकला तर बिघडलं कुठं, असं वाटेल. बिघडतं, कारण सिलेंडरचा स्ट्रोक फक्त 8 मिमी. त्यातला 1.5 रॉड आणि ड्रॉबारमधली मोकळी जागा, स्पिंडल फिरताना घासू नये म्हणून. 6 मिमी ग्रिपर उघडून स्टडला टेकेपर्यंत. उरला 0.5, होल्डरला धक्का द्यायला. पण स्टडला टेकेपर्यंत स्प्रिंगच्या 4.5 किलोन्यूटननं ब्रॅकेट 0.46 वर उचलला गेलेला असतो. धक्क्यासाठी हातात राहिला 0.04. तेवढं पुढं सरकलं की पिस्टन सिलेंडरच्या तळाला टेकला, संपलं. हा ब्रॅकेट मिलिमीटरला 10 किलोन्यूटन एवढाच ताठ, म्हणजे 0.04 मध्ये होल्डरवर पडतो फक्त 0.4 किलोन्यूटन. बाकीचा जोर सिलेंडर स्वतःच्याच तळावर खर्च करत होता.

म्हणजे तिसरा पिस्टन लावला असता तरी होल्डरवरचा धक्का तेवढाच राहिला असता. पिस्टन तळाला टेकल्यावर त्याच्यामागं 6 किलोन्यूटन असोत की 9, सगळं सारखंच. गोळा लेथवरून उतरवला.

तो एकच होल्डर जास्त का अडायचा, तेही कळलं. त्याचा पुल स्टड वेगळ्या खेपेतला. उंची मोजली तर डोकं बाकीच्यांपेक्षा 0.05 नं ड्रॉबारपासून लांब. जिथं हातात 0.04 आहे तिथं 0.05 गेले की ड्रॉबार त्याला शिवतच नव्हता. पुल स्टड घेताना एकाच ठिकाणचे, एकाच खेपेतले, सगळ्या होल्डरसाठी एकदमच घ्या. आणि स्वस्तातले सुटे स्टड घेऊच नका. सगळा होल्डर त्या एका स्टडवर लटकलेला असतो, तो तुटला तर फिरता फेस मिल कुठं जाईल सांगता येत नाही.

उपाय दोन होते. सोपा म्हणजे प्लेट 20 ची करायची. वाकणं जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं, 0.5 चं 0.11 वर आलं असतं आणि होल्डर सुटला असता. प्लेट कापून आणायला निघालोही होतो. पण काकांनी निघता निघता विचारलेलं एक वाक्य डोक्यात होतं: "एवढा दाब शेवटी उतरतो कुठं?" उतरतो स्पिंडलच्या बेअरिंगवर. प्रत्येक टूल चेंजला 5.8 किलोन्यूटन, तेही स्पिंडल थांबलेलं असताना, म्हणजे गोळ्या एका जागी उभ्या. रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) ठसे उमटायला याहून चांगली परिस्थिती नाही. टूल चेंज वेगानं करायचा म्हणजे त्यांची संख्याही वाढणार. ताठ प्लेटनं होल्डर सुटेल, बेअरिंग वाचणार नाही.

म्हणून तरंगता सिलेंडर. तो आता हेडला घट्ट बांधलेला नाही, दोन गाईड पिनवर वरखाली सरकतो, हलक्या स्प्रिंग त्याला मधल्या जागी धरतात. त्याच्या खाली ईएन-24 पोलादाचा नालेसारखा हूक, स्पिंडलच्या वरच्या कॉलरखाली शिरलेला, पण न शिवणारा. हवा आली की रॉड खाली जाऊन ड्रॉबारला टेकतो, सिलेंडर स्वतः वर उचलला जातो आणि हूक कॉलरला अडकतो. पुढचा सगळा जोर कॉलर आणि ड्रॉबार यांच्यातच फिरतो. बेअरिंगला कळतसुद्धा नाही.

हूकला 1.5 मिमी मोकळीक ठेवली, त्यामुळं 8 चा स्ट्रोक पुरेना. बॅरल नवीन केले, 10 च्या स्ट्रोकचे. होन केलेली (आतून घासून गुळगुळीत केलेली) ट्यूब कोल्हापुरातून आणली, हूकचं ग्राइंडिंग कुपवाड एमआयडीसीत करून घेतलं. हूकची दोन्ही तोंडं एका पातळीत हवी होती, नाहीतर कॉलरला एकाच बाजूनं ओढ बसते. ग्राइंडिंगवाल्यानं दोन्हीकडं 5 मायक्रॉनच्या आत दिलं आणि वर "अजून पाहिजे का" विचारलं. अशी माणसं आपल्या भागात आहेत म्हणून हे छंद परवडतात.

आता हिशोब असा: 10 मधून 3 मोकळीक, 6 ग्रिपरसाठी, उरला 1. हूकचं वाकणं डायलवर 0.08. धक्क्याला 0.9 मिमी आणि मागं पूर्ण 1.3 किलोन्यूटन. काल संध्याकाळी मुद्दाम स्पिंडल तासभर पळवून गरम केलं, गार फेस मिल चढवला, तोच त्रासदायक स्टडवाला, आणि झोपलो. सकाळचं वर लिहिलंच आहे.

बाकी थोडक्यात. होल्डर काढून परत बसवला की झेडमध्ये फरक डायलच्या एका रेघेच्या आत, म्हणजे 0.01. त्यामुळं टूलची लांबी एकदा मोजून टूल टेबलमध्ये भरली की जी-43 वर (टूलची लांबी हिशोबात धरणारी आज्ञा) डोळे मिटून विसंबता येतं. दर टूलला कागद धरून झेड शून्य करणं संपलं. मला खरा वेग इथं मिळाला. ड्रॉबार काही सेकंद वाचवतो, लांबी मोजायचं टळलं की मिनिटं वाचतात.

हवेचा व्हॉल्व्ह जॅनॅटिक्स कंपनीचा 5/2 (पाच तोंडं, दोन स्थिती), एका कॉइलचा, स्प्रिंग रिटर्न. दोन कॉइलचा घेऊ नका. लाईट गेली तर एका कॉइलचा आपोआप परत येतो आणि डिस्क स्प्रिंग होल्डर धरून ठेवतात. स्पिंडल फिरत असताना हवा सुटू नये म्हणून व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) शून्य वेगाचा रिले आणि पुलीवरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, हे दोन्ही त्या कॉइलच्या वायरमध्येच सिरीजमध्ये टाकलेत. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी सॉफ्टवेअरच्या हाल फाईलमध्ये (जोडण्यांच्या फाईलमध्ये) तीच अट आहे, पण एकट्या सॉफ्टवेअरवर हे सोपवायचं नाही, यावर मी ठाम आहे.

पुढचा बेत छत्रीसारख्या आठ टूलच्या मॅगझिनचा (टूल आपोआप बदलायला ते धरून ठेवणाऱ्या चकतीचा) होता. तो आता बाजूला ठेवतोय. तरंगत्या फ्रेमनं हेडच्या डाव्या अंगाची जागा खाल्ली, आणि माझ्या बहुतेक जॉबला चारच टूल लागतात: फेस मिल, 10 चा एंड मिल, ड्रिल, चॅम्फर. त्यापेक्षा टेबलाच्या डाव्या टोकाला वाय दिशेत चार फोर्क (होल्डर अडकवायचे काटे). होल्डरच्या फ्लँजचा व्यास 46, फोर्कमधलं अंतर 60 धरलं तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत 180, वायच्या प्रवासात बसतं.

हे लिहिता लिहिताच एक अडचण लक्षात आली. होल्डर फोर्कमध्ये असताना ड्रॉबार त्याला 0.9 खाली ढकलणार. फोर्क ताठ असेल तर तो धक्का फोर्कवर, टेबलावर आणि झेडच्या बॉलस्क्रूवर जाईल. म्हणजे फोर्कही खाली दबायला हवेत. डेलरिन प्लास्टिकचे फोर्क स्प्रिंग स्टीलच्या पट्टीवर बसवायचे असं डोक्यात आहे, पट्टी मिलिमीटरभर दबेल आणि परत येईल. पण कूलंट आणि चिप्समध्ये पट्टी अडकली तर? गाईड पिनवर, खाली स्प्रिंग देऊन, जसा सिलेंडर तरंगवला तसा सगळा रॅकच तरंगवावा का? हे जास्त बरं वाटतंय, एकाच प्लेटवर चारही फोर्क आणि चिप्स झाकायला एकच पत्रा. आधी लाकडाचा नमुना करून वायचा प्रवास तपासतो, मग डेलरिन कापतो. कुणी असा दबणारा रॅक केला असेल तर स्प्रिंग किती जोराच्या घेतल्या ते सांगा.