‘नक्की सांगता येत नाही’ या रिपोर्टनंतर केलेला पेट स्कॅन : माझा अनुभव

सोनोग्राफीत थायरॉइडच्या उजव्या बाजूला दोनेक सेंटिमीटरची गाठ दिसली. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, झाली आणि रिपोर्ट आला : बेथेस्डा ३. बेथेस्डा म्हणजे सुईने काढलेल्या पेशी बघून गाठीचा वर्ग ठरवायची पद्धत. तिच्यात सहा वर्ग असतात. दुसरा म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कर्करोग. तिसऱ्या-चौथ्यात नुसत्या पेशी बघून निदान होत नाही. पुन्हा सुई टोचली, उत्तर तेच. सर्जन म्हणाले, अर्धी थायरॉइड काढून तपासायला पाठवू. अशा काढलेल्या गाठींपैकी बहुतेक साध्याच निघतात, हेही त्यांनीच सांगितलं. मग काढायची कशासाठी, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी एफडीजी पेट स्कॅन सुचवला. यात एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर, इंजेक्शनने देतात आणि ती शरीरात कुठे जास्त जमते ते मशीनवर बघतात. “ताई, यात कर्करोग आहे की नाही हे दिसत नाही. गाठ आजूबाजूपेक्षा जास्त साखर ओढते का, तेवढं दिसतं. ओढत नसेल तर आपण थांबू शकतो. ओढत असेल तर ऑपरेशन टाळायला नको. दोन्ही उत्तरांची तयारी असेल तरच करा.” इतकं सरळ मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. नेदरलँड्समध्ये १३२ रुग्णांवर झालेला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी दाखवला. साध्या गाठींवरच्या अनावश्यक शस्त्रक्रियांपैकी सुमारे ४० टक्के या स्कॅनमुळे टळल्या होत्या. हर्थल पेशींच्या (थायरॉइडमधल्या एका प्रकारच्या मोठ्या पेशी) गाठी मात्र साध्या असूनही साखर भरपूर ओढतात, तिथे हा फायदा फारच कमी. म्हणून माझ्या स्लाइड त्यांनी आधी पुन्हा बघायला लावल्या. ‘माझी गाठ हर्थल पेशींची आहे का?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारायलाच हवा असं मला मनापासून वाटतं.

आदल्या दिवशी व्यायाम बंद. स्कॅनआधी सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. सेंटरवर आधी रक्तातली साखर बघतात. ती फार वाढलेली असेल तर तपासणी पुढे ढकलतात. औषधातल्या किरणोत्सारी फ्लोरिनचं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं उरतं, त्यामुळे डोस साठवून ठेवता येत नाही. तो यायला उशीर झाला की सगळेच ताटकळतात. इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं आणि बोलायचं नाही. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू साखर खेचतात आणि नेमका गळ्याचाच भाग उजळतो. थायरॉइडच्या रुग्णाने तरी हे काटेकोर पाळावं. नंतर लघवीला जाऊन यायचं आणि मशीनवर स्थिर झोपायचं. दुखत काहीच नाही. घरी भाचीचं तान्हं बाळ होतं, त्याला संध्याकाळपर्यंत जवळ घेतलं नाही.

रांगेतल्या एक काकू वेगळ्याच वाटेने तिथे आल्या होत्या. दुसऱ्या आजारासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये त्यांच्या थायरॉइडमध्ये एकच ठिपका चमकला होता. असा अचानक सापडलेला ठिपका साधारण तिघांपैकी एकात कर्करोगाचा निघतो, म्हणून त्यांना सुईची तपासणी सांगितली होती. पूर्ण ग्रंथी सारखी उजळली तर बहुधा थायरॉइडची सूज असते.

माझ्या गाठीत आजूबाजूपेक्षा जास्त साखर नव्हती. ऑपरेशन रद्द झालं. मेडिक्लेमने खर्च दिला नाही, कारण ॲडमिट झाले नव्हते. आता वर्षाने सोनोग्राफी आहे. गाठ वाढली किंवा तिचं रूप बदललं तर पुन्हा सुई, आणि गरज पडली तर ऑपरेशन, असं मॅडमनी फाइलवर लिहून दिलं आहे.