आधी चिपाडं

आजोळी गेलं की सकाळी बंब पेटवायचं काम माझ्याकडे. मी घाईने लाकडाच्या ढलप्या कोंबायची आणि मोरीभर धूर व्हायचा. आजी आतून ओरडायची, "अगं, आधी चिपाडं घाल!" चिपाडं भसकन पेटायची, तडतडायची, भिंत काळी करायची आणि बघता बघता संपायची. पण तेवढ्यात ढलप्यांनी पेट घेतलेला असायचा.

तो बंब परवा आठवला डोनाल्ड ग्रँट मिचेल वाचताना. हा अमेरिकन लेखक 'आइक मार्व्हल' या टोपणनावाने लिहायचा. १८५० साली, ऐन २८व्या वर्षी त्याचं 'रेव्हरीज ऑफ अ बॅचलर' आलं. एक सडाफटिंग माणूस विस्तवापुढे बसून लग्न करावं की करू नये याचा काथ्याकूट करतो, बस. कवयित्री एमिली डिकिन्सनलाही तरुणपणी ते पुस्तक फार आवडायचं.

त्यात एका ठिकाणी शहरातल्या घराची कोळशाची शेगडी आहे. मऊ कोळशाची ज्वाळा बघून साहेबांना नखरेल मुलगी आठवते. चमकते, नाचते, इकडून तिकडे उड्या मारते आणि मागे काजळी ठेवते. अँथ्रासाइट हा कडक कोळसा मात्र सावकाश पेटतो, पण ऊब टिकवतो. ते खरं प्रेम. इथवर वाचून मी पुस्तक मिटणारच होते. आमच्याकडचे काकालोकही हेच सांगायचे, फक्त कोळसा वगळून. पण साहेब तिथे थबकतात. मोलकरीण अँथ्रासाइट पेटावा म्हणून आधी मऊ कोळसाच घालते, हे त्यांच्या लक्षात येतं. म्हणजे हा नखरा त्या वयाचा खेळ, पुढच्या आगीची चिपाडंच की!

माझी तक्रार वेगळी आहे. मुलगी म्हणजे कोळसा, आणि साहेब स्वतः चिमटा हातात धरून बाजूला? मनातल्या मनात संसार मांडायचा, घाबरून मोडायचा, पुन्हा मांडायचा. पुस्तकभर लग्नाला खडे टाकून बघणं चाललंय, आणि नखरेल म्हणे ती!

१८५३ मध्ये चार्ल्सटनच्या मेरी प्रिंगलशी त्यांचं लग्न झालं. व्हेनिसला अमेरिकेचे सरकारी प्रतिनिधी (कॉन्सुल) म्हणून राहून आल्यावर न्यू हेवनजवळ एजवूडला त्यांनी शेती घेतली. तिकडचा हिवाळा कडाक्याचा. एखाद्या संध्याकाळी मेरीबाई म्हणाल्याही असतील, "चिंतन झालं असेल तर जरा कोळसा घाला."