तिसऱ्या मजल्यावरची शाळा

२० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा माझी नेमणूक मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका पालिका शाळेत मतदान अधिकारी म्हणून झाली होती. आदल्या दिवशी यंत्रे आणि कागदपत्रे ताब्यात घेऊन केंद्रावरच मुक्कामाला जावे लागते, त्यामुळे ती रात्र मी नववी ‘अ’च्या वर्गात दोन बाके जोडून काढली. झोप काही आली नाही. एक तर डास होते, आणि त्यात फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेले ‘पट ५२, हजर ३७’ हे आकडे डोळ्यांसमोरून हलेनात. ही माझी शाळा नव्हे. पण पालिकेच्या माध्यमिक शाळेत ज्याची तीन वर्षे गेली आहेत, त्याची नजर वर्गात शिरताच आधी त्या कोपऱ्याकडे जाते.

माझी शाळा शीव आणि धारावीच्या मधल्या पट्ट्यात होती आणि जून १९९३ मध्ये मी तिथे आठवीत दाखल झालो. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिकवते. त्यांपैकी चार माध्यमे आमच्या एका इमारतीत नांदत होती. म्हणजे मुख्याध्यापक चार, हजेरीपट चार, पाण्याची टाकी एक, आणि घंटा वाजवणारे मामाही एकच. माध्यमिकचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरत. सकाळी उर्दू माध्यमाचे आणि दुपारी साडेबारानंतर आमचे. जिन्यात त्यांची उतरणारी आणि आमची चढणारी रांग एकमेकींना घासून जायची, आणि बाकावर बसलो की फळी अजून कोमट लागायची.

सकाळच्या वर्गाशी आमचे बोलणे फारसे होत नसे, पण चुरस मात्र होती, आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात चाले. त्यांच्या मॉनिटरने लिहिलेले पट आणि हजर हे आकडे पुसण्याआधी आम्ही वाचून घेत असू, आणि त्यासाठी उर्दू अंक शिकणे भाग पडले. शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात म्हणजे वर तोंड उघडलेला चिमटा आणि आठ म्हणजे तोच चिमटा उलटा, एवढे कळले की बाकीचे अंक चार दिवसांत येतात. कोणत्याही शिक्षकांनी हे आम्हाला शिकवले नाही. त्या वर्षी सकाळच्या वर्गाची गैरहजेरी वाढत नव्हती, पटच उतरत चालला होता. जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबे मुंब्र्याकडे निघून गेली होती आणि मुलांचे दाखले मागून नेले जात होते. आमच्याही वर्गातली दोन-तीन नावे हजेरीत रोज पुकारली जायची आणि त्यांच्यापुढे ओळीने शून्ये पडत जायची. दिवाळीनंतर बाईंनी ती नावे लाल शाईने खोडली. आकड्यांची चुरस कधी बंद पडली ते मला आठवत नाही, पण आम्ही ते वाचणे सोडले होते, हे नक्की.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचणे हेच मुळात सरळ नव्हते. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. माध्यमिक शिक्षण त्या सक्तीत येत नाही. त्यामुळे पालिकेच्या प्राथमिक शाळा गल्लोगल्ली आणि माध्यमिक मात्र मोजक्या ठिकाणी, अशी रचना झाली. सातवी झाली की हातात दाखला पडायचा आणि आठवी कुठे शोधायची हा प्रश्न आईबापांचा. माझ्या सातवीच्या वर्गात आम्ही ४४ जण होतो. त्यांतले २६ तिसऱ्या मजल्यावर आले, काही खासगी अनुदानित शाळांत गेले, आणि उरलेले कुठे गेले याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. त्यांतला एक मला पुढे शीव स्टेशनबाहेर कॅसेटच्या गाडीवर भेटत असे. पुढे शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याची हमीही सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतची, म्हणजे पहिली ते आठवीची. खिंड बुजली नाही, एक वर्ष पुढे सरकली.

वयावरून आठवले. आमच्या वर्गात नऊ जणांचा वाढदिवस १ जूनला असायचा. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरावे आणि जूनची पहिली तारीख टाकावी, ही सोय साऱ्या महाराष्ट्रात चालत आली आहे, आणि गावाकडून आलेल्या माणसांनी ती मुंबईतही आणली. माझीही अधिकृत जन्मतारीख १ जूनच आहे. आई म्हणते मी गणपतीत झालो. चौदा वर्षांच्या कायद्याविषयी वाचताना मला ते नऊ जण आठवतात, कारण आमचे चौदावे वर्ष कधी सुरू झाले हे कायद्याला दाखल्यावरून आणि दाखल्याला गुरुजींकडून समजले होते.

शाळेचे रोजचे जीवन तसे चारचौघांसारखेच होते. प्रार्थना, प्रतिज्ञा, फळ्यावर सुविचार, मग ऐन दुपारी पत्र्याच्या छपरासारखा तापणारा तिसरा मजला. प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट, ज्याची किल्ली बदली झालेल्या सरांबरोबर गेली अशी वदंता होती. चित्रकलेचे सर मात्र जीव तोडून शिकवत आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षांची फी भरू न शकणाऱ्यांची फी गुपचूप स्वतः भरत. मी इंटरमीजिएटला ‘क’ श्रेणीत आलो, तीही केवळ त्यांनी आणून दिलेल्या पोस्टर रंगांमुळे.

खरी गाठ नववीत पडे. दहावीचा निकाल शाळेच्या नावावर लागतो, नववीचा लागत नाही. म्हणून दहावीत पडण्याची शक्यता असलेल्या मुलांना नववीतच थांबवायचे किंवा दाखला देऊन बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचे, हा रिवाज अनेक शाळांत होता आणि आमच्याही शाळेत होता. माझ्या बाकावरचा मुलगा असाच गेला. तो बीजगणितात कच्चा होता, पण भूमितीची प्रमेये सरांच्या आधी फळ्यावर सोडवायचा, आणि हे ज्यांनी रोज पाहिले होते त्यांनीच त्याचा दाखला तयार केला. निकालाच्या टक्केवारीवर माझा विश्वास नाही तो तेव्हापासून. २०१९ मध्ये राज्य मंडळाने शाळांच्या हातचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे, वीस गुण काढून घेतले तेव्हा दहावीचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला, आणि ते गुण परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. एका वर्षात मुले काही एवढी हुशार झाली नव्हती.

मार्च १९९६ मध्ये मी दहावीला बसलो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे आणि एक शिवणयंत्र होते, त्यामुळे जानेवारीपासून आम्ही सात-आठ जण शाळा सुटल्यावर वर्गातच बसू लागलो. नियमात ते बसत नव्हते. मामा रात्री नऊपर्यंत तिसऱ्या मजल्याचा एकच दिवा चालू ठेवत आणि कोणी विचारले तर खाली सांगत की वर पंख्याची दुरुस्ती चालली आहे. तीन महिने तो पंखा दुरुस्त होत होता.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर यंत्रे मोहोरबंद करण्याचे काम आटोपेपर्यंत शाळेच्या सेविका आमच्यासाठी थांबून होत्या. बाके लावून देताना मी त्यांना फळ्यावरच्या ३७ विषयी विचारले. त्या म्हणाल्या, नववीची पोरे दुपारनंतर कामाला जातात, कोणी कुरिअरचे वाटप करतो, कोणी लग्नाच्या हॉलवर, आणि त्या दिवसांत लग्ने सुरू झाली होती. मग त्यांनी आपणहून खिचडीचा विषय काढला. पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो, हे मला ठाऊक होते, पण पातेले त्याच इमारतीत उघडले जाते तेव्हा वरच्या मजल्यावर काय होते, याचा मी विचार केला नव्हता.

“वास तर सगळ्यांनाच जातो ना, साहेब,” त्या म्हणाल्या. “उरली तर मी वर पाठवते. पण आठवीची पोरं दोनदा मागतात, उरत नाही रोज.”