शहाद्याचे मिस्तरी आणि सॅकमधला स्टोव्ह

सातपुड्यातल्या तोरणमाळला जायचं म्हणून शहाद्याला उतरलो, पण लिहावंसं वाटतंय ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपबद्दल.

माझ्याकडे घडीचा गॅस स्टोव्ह आहे. गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायचा, तीन पाय उघडायचे, वर पातेलं. पाय ॲल्युमिनियमच्या रिव्हेटने, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांनी, जोडलेले. ॲल्युमिनियम तापलं की नरम पडतं, त्यामुळे रिव्हेट ढिले होतात आणि उकळतं पातेलं एका बाजूला कलतं. जिथून घेतला तिथे उत्तर एकच, ‘पार्ट मिळत नाही, नवा घ्या.’ तीन रिव्हेटसाठी अख्खा स्टोव्ह फेकायचा? मला संतापच आला होता. म्हणून तो या वर्कशॉपमध्ये दाखवला.

‘‘काय व्हयनं दादा?’’ म्हणत मिस्तरींनी हातातलं वेल्डिंग बाजूला ठेवलं. एकेक पाय हलवून पाहिला. जुने रिव्हेट ड्रिलने उडवले, भोकं तीन एमएमच्या स्टेनलेस बोल्टापुरती मोठी केली. पोऱ्याने नायलॉक नट आणून दिले, ते त्यांनी परत पाठवले. आतली नायलॉनची रिंग आचेला वितळणार, मग नट धरणार कसा? साधा नट लावला, पाय सहज उघडेल इतपतच आवळला आणि बोल्टाचं बाहेर आलेलं टोक छोट्या हातोडीने ठोकून पसरवलं. ‘‘आते निंघाव नही.’’ व्हॉल्व्हला, आट्यांना, रबरी रिंगला त्यांनी हातही लावला नाही. शेवटी डबा बसवून साबणाच्या पाण्याने गळती तपासली आणि भरलं पातेलं ठेवून टेबल गदागदा हलवलं.

पन्नास रुपये घेतले. वर जेवायची वेळ झाली म्हणून डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. इतक्या आपुलकीने माझ्या वस्तूकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पुढे सातपायरी घाट, यशवंत तलाव, सुट्टीची गर्दी. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सीताखाईच्या बाजूला वारा मात्र जबरदस्त होता. आडोसा तीनच बाजूंनी लावला, कारण चारी बाजूंनी वेढलं तर गॅसचा डबा तापतो आणि ते जिवावर बेतू शकतं. चौघांची खिचडी शिजली, पाय जराही हलले नाहीत. वजन वाढलं असेल चार-पाच ग्रॅम. तेवढं वाचवायला कंपन्या ॲल्युमिनियमचे रिव्हेट का मारतात, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.