जमले, ते कसे जमले?

तपासलेल्या उत्तरपत्रिका हातात पडल्या की आमच्या वर्गात दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येत. एरवी चांगले गुण मिळवणाऱ्याला कमी गुण पडले, तर तो म्हणे, "या वेळी अभ्यास झाला नव्हता," किंवा "प्रश्नच नीट वाचला नाही." मागच्या बाकांवर बसणाऱ्या आम्हा मुलांचे म्हणणे याच्या नेमके उलटे असे. नापास झालो तर "गणित आपल्या डोक्यात शिरतच नाही," आणि पास झालो तर "पेपर सोपा होता," "सरांनी सढळ हाताने गुण दिले," नाहीतर सरळ "नशीब!" अपयश तेवढे आमच्या नावावर जमा होई आणि यश मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जाई. हे आम्ही विनयाने म्हणत नव्हतो. आम्हाला ते मनापासून खरे वाटत होते.

पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करू लागल्यावर या बोलण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे, हे मला कळले. माणूस घडलेल्या गोष्टींची कारणे कशी लावतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ साली केली, आणि १९७०च्या दशकात बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञांनी ती शाळेतल्या यशापयशाला लावून दाखवली. कुवत, प्रयत्न, कामाची काठिण्यपातळी आणि नशीब ही त्यांनी सांगितलेली चार प्रमुख कारणे. कारण आपल्यातले आहे की बाहेरचे, टिकणारे आहे की बदलणारे, आणि ते आपल्या ताब्यात आहे की नाही, यावर पुढची उमेद अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे. "मला डोकेच नाही" हे कारण आपल्यातले, कायमचे आणि आपल्या ताब्याबाहेरचे आहे. म्हणून ते एकदा मनात बसले की पुढच्या परीक्षेचा निकाल मुलाने परीक्षेआधीच लावलेला असतो. उलट, यशाचे श्रेय नशिबाला दिले की त्या यशातून पुढच्या वेळेसाठी काहीच हाती उरत नाही.

म्हणूनच "मागे पडलेल्या मुलाला सोपी उदाहरणे द्या, त्याला यश चाखू द्या, आत्मविश्वास आपोआप येईल" हा सल्ला मला अपुरा वाटतो. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपयश येताच हातपाय गाळणारी ८ ते १३ वर्षांची १२ मुले होती. त्यांतल्या एका गटाला गणितात केवळ यशच मिळेल अशी व्यवस्था केली होती. दुसऱ्या गटाला मधूनमधून अपयशही येऊ दिले आणि ते प्रयत्न कमी पडल्यामुळे आले, असे प्रत्येक वेळी सांगितले. नंतर अवघड उदाहरणे समोर आली तेव्हा पहिल्या गटातली मुले पूर्वीसारखीच कोलमडली आणि दुसऱ्या गटातली टिकून राहिली.

हे सारे वाचताना मला आमच्या गणिताच्या बाई आठवत राहिल्या. त्यांचे नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या वर्गात बसलेल्यांना ते सांगावे लागणार नाही. माझ्या शेजारी बसणारा मित्र दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज तीन सप्तमांश करायचा, म्हणजे वरचे वर आणि खालचे खाली मिळवून मोकळा व्हायचा. बाई त्याला रागावल्या नाहीत. "दोन तृतीयांश म्हणजे अर्ध्याहून जास्त, आणि तुझे उत्तर अर्ध्याहून कमी. मिळवल्यावर कमी कसे झाले?" एवढेच त्यांनी विचारले आणि त्याला विचार करायला वेळ दिला. पुढे एके दिवशी त्याचे उत्तर अकरा द्वादशांश आले. बाईंनी शाबासकी देताच तो म्हणाला, "सोपे होते, बाई." बाईंनी ते मान्य केले नाही. "सोपे होते तर आधी का चुकत होते? आज तू वेगळे काय केलेस?" बराच वेळ घुटमळून तो म्हणाला, "छेद सारखे करून घेतले." बाईंनी लाल शाईने त्याच्या वहीत उत्तराशेजारी तेच शब्द लिहिले आणि खाली सही केली.

या प्रसंगात बाईंनी "तू हुशार आहेस" असे म्हटले नाही आणि "आणखी कष्ट कर" असेही म्हटले नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. जो मुलगा रात्री जागून पाठांतर करतो आणि तरीही नापास होतो, त्याला केवळ प्रयत्न वाढवायला सांगणे क्रूरपणाचे आहे, कारण तेही करून अपयश आले की स्वतःला निर्बुद्ध ठरवण्यावाचून त्याला दुसरा निष्कर्षच उरत नाही. त्याची पद्धत बदलायला हवी, आणि पद्धत बदलल्यामुळेच उत्तर आले, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगता यायला हवे. वाचनाची अक्षमता असलेल्या मुलांच्या बाबतीत तर वेगळी अध्यापनपद्धती पुरवल्याशिवाय प्रयत्नांची भाषा करूच नये.

कणवेचेही असेच आहे. मानसशास्त्रज्ञ सँड्रा ग्रॅहॅम यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अपयशानंतर ज्या मुलांना सहानुभूती दाखवली गेली, त्यांनी आपली कुवतच कमी आहे असा अर्थ काढला. ज्यांच्यावर नाराजी दाखवली, त्यांनी आपले प्रयत्न कमी पडले असे मानले. मुलांवर रागवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण "असू दे, नाही जमत तर राहू दे" हे मायेने उच्चारलेले वाक्य मुलाच्या कानी कोणत्या अर्थाने पडते, याचा विचार घरातही व्हायला हवा.

आमच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात बहुतेकांच्या वाट्याला "अधिक प्रयत्न आवश्यक" एवढेच येई. बाई मात्र त्या अरुंद जागेत बारीक अक्षरात, मुलाला काय जमू लागले आहे आणि कुठे अडते आहे, ते लिहीत. आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने प्रगतिपुस्तकाचा नमुना नव्याने ठरणार असेल, तर तो रकाना तेवढा रुंद करावा, अशी माझी शाळेला विनंती आहे.