पाद्र्याचे कान

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायरमध्ये, सेलबोर्न नावाचं गाव आहे. गावाच्या पाठीशी खडूच्या दगडाची उभी टेकडी आणि तिच्या उतारावर बीचच्या झाडांचं रान. त्या रानाला तिथे ‘हँगर’ म्हणतात. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट हा पाखरांचा नाद असलेला माणूस इथला पाद्री होता; तोही हाताखालचा. चर्चचं मुख्य पद देण्याचा हक्क ऑक्सफर्डच्या एका कॉलेजकडे आणि हा माणूस दुसऱ्याच कॉलेजचा, त्यामुळे बढतीची आशाच नाही. पाखरांचं त्यात भलंच झालं, असं मला वाटतं. टेकडी चढायला १७५३ मध्ये त्याने भावाबरोबर नागमोडी वाट काढली. ती अजून आहे.

रान डोळ्यांनी पाहणारे पुष्कळ असतात. व्हाइट मला आवडतो तो त्याच्या कानांसाठी. वसंतात तिथे वटवटे नावाचे हिरवट रंगाचे चिमुकले पक्षी येतात, एकासारखा दुसरा. (आपल्याकडे हिवाळ्यात दुर्बीण घेऊन पर्ण वटवटे ओळखायला गेलेल्यांना हे दुःख ठाऊक आहे.) पण एक जण ‘चिफ-चॅफ, चिफ-चॅफ’ असा दोन सुरांचा ठेका धरून बसतो. दुसऱ्याची तान वरून खाली घरंगळत येते. तिसरा उंच बीचच्या शेंड्यावरून टोळासारखा किरकिरतो आणि गाताना पंखही थरथरवतो. गाणी तीन, तर पक्ष्यांच्या जातीही तीन असणार! व्हाइटने नमुने समोर ठेवून पाहिले आणि १७६८ मध्ये तसं ठामपणे लिहून टाकलं. नमुने मिळवायचे म्हणजे तेव्हा बंदुकीनेच, हेही सांगायला हवं.

त्याचा एक शेजारी सुरांचा जाणकार होता. गावातली घुबडं तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत घुमतात, असा त्याचा निवाडा. व्हाइटने तोही गंभीरपणे टिपून ठेवला. मधमाश्यांना ऐकू येतं का, हे पाहायला तर तो पोळ्यांपाशी कर्णा धरून ओरडला, मैलभरावरच्या जहाजाला ऐकू जाईल इतक्या जोरात. माश्यांनी ढिम्म दाद दिली नाही. रविवारच्या प्रवचनाला याहून बरा प्रतिसाद मिळत असावा.

आणि अशा माणसाला मधूनमधून बहिरेपण येई. दृष्टी देवाच्या कृपेने तीक्ष्ण आहे, पण कान दगा देतात, असं त्याने एका पत्रात लिहिलंय. त्या दिवसांत पाखरांनी गजबजलेला मे महिना त्याला ऑगस्टसारखा मुका वाटे. ऑगस्टात तिकडचे बहुतेक पक्षी गाणं आवरतं घेतात. पत्र होतं पाकोळ्यांविषयी. त्यांची हकिगत सांगून झाल्यावर, शेवटी, ही खंत.

टोळासारखा किरकिरणारा तो तिसरा वटवट्या आता ब्रिटनमध्ये धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. दक्षिणेकडच्या रानांत तो ऐकायचा, तर नुसते कान तयार असून भागत नाही. चिफ-चॅफवाला मात्र मजेत आहे. त्याच्यातले काही जण तर हल्ली थंडीतही तिथेच मुक्काम ठोकतात.